शाळिग्रामाच्या गावाला

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका घरात देव्हारा म्हणजे भिंतीला ठोकलेली एक फळी. तिच्यावर कुलदैवताचे टाक, आईनं माहेराहून आणलेली अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि ताम्हनात एक काळाभोर गोटा. तो एका बाजूला तडकलेला आहे. फटीतून आत वळत गेलेल्या रेषा दिसतात.

हा शाळिग्राम आजीचा. 1972च्या दुष्काळानंतर कुटुंब जळगाव जिल्ह्यातून सुरतेला निघालं, तेव्हा भुसावळहून येणाऱ्या गाडीत तो तिच्या कनवटीला होता. आधी लिंबायत, मग गोडादरा. भाड्याच्या खोल्या बदलल्या, वडिलांचे लूमचे कारखाने बदलले, बारा तासांची पाळी तेवढी कायम राहिली. कार्तिकात तुळशीचं लग्न लागायचं ते ओट्यावर, धागे कापायला आलेल्या साड्यांचे गठ्ठे बाजूला सारून. नवरदेव हा गोटा, आणि अंतरपाटाचं एक टोक नातवाच्या हातात. वृंदेच्या शापानं विष्णूचा दगड झाला, ही कथा त्याला पाठ होती. नर्मदेत बाण सापडतो, शोण नदीत गणपती आणि गंडकीत शाळिग्राम, हेही आजीनंच सांगितलेलं. नर्मदा त्यानं भरूचच्या पुलावरून पाहिली होती. गंडकी कुठे वाहते, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलेजात असताना एका पुस्तकातल्या चित्रात त्याला तीच वळणं दिसली. खाली नाव होतं, अ‍ॅमोनाइट. समुद्रातला जीव, कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याचा लांबचा नातलग. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राच्या तळाशी तो चिखलात रुतला आणि भोवती खनिजं साचून गोटा झाला. पुढे भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याचा हिमालय झाला. नेपाळातल्या मुस्तांगच्या काळ्या खडकांतून काली गंडकी हे गोटे आजही सोडवून आणते. हे सगळं त्यानं घरी धडधडत्या छातीनं सांगितलं. आजी शांतपणे म्हणाली, देवाला शंख चालतो, तर हा का चालू नये?

या उत्तरापुढे श्रद्धा की विज्ञान हा वाद त्याला कधी महत्त्वाचा वाटला नाही. दगडाचं वय कळल्यावर त्याचा हात उलट अधिक जपून जाऊ लागला. अ‍ॅमोनाइट पृथ्वीवरून संपले सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबर. त्याच सुमारास दख्खनेत लाव्हाचे थरावर थर चढत होते. सह्याद्री त्यांचाच, आणि आजोबांनी सोडून दिलेल्या शेताची काळी मातीही त्यांचीच.

मग चालणं सुरू झालं. खानदेशातल्या माणसाला ते नवं नाही. चैत्रात वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागतात, त्यांत तो वयात आल्यापासून होता. पुढे साल्हेर घडला, 1,567 मीटर. पण सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम 13 मीटरवर. तिथं राहून नेपाळातल्या, काली गंडकीपर्यंत नेणाऱ्या अन्नपूर्णा परिक्रमेची तयारी करायची म्हणजे पाठीवर पिशवी घेऊन मार्केटचे जिने चढायचे. हिशेबाचं काम करणारा माणूस सुट्टीच्या वेळात जिने का चढतो, हे रखवालदाराला कळत नसे. आईला तर काहीच पटत नव्हतं. “इतला उच्चा जाईसन काय करशी?” ती अहिराणीत विचारायची.

परिक्रमा बेसीसहरहून सुरू होते, मर्स्यांगदी नदीच्या काठानं. खाली भाताची खाचरं. चामेपर्यंत पाइनचा वास, आणि पिसांगनंतर झाडं विरळ होत मनांगला, 3,540 मीटरवर, उघडे पिवळे डोंगर. समोर अन्नपूर्णेच्या रांगा आणि गंगापूर्णेची हिमनदी. 1950 साली मोरिस हेरझोगची फ्रेंच तुकडी नकाशे चुकीचे असल्यामुळे अन्नपूर्णेची वाट शोधत या मुलुखात भटकली होती. 8,091 मीटरचं ते शिखर त्यांना शेवटी काली गंडकीच्या बाजूनं सापडलं आणि 3 जूनला सर झालं. माणूस प्रथमच आठ हजार मीटरवरच्या माथ्यावर उभा राहिला. एप्रिल 2021 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीचे गिर्यारोहक आणि साताऱ्याची प्रियांका मोहिते यांनी तोच माथा गाठला. मनांगला शेकोटीभोवती ही नावं घेताना आपल्या मुलुखाचा त्याला खरा अभिमान वाटला.

सह्याद्रीत पाय तयार झालेला माणूस इथं फार वेगानं चालतो, आणि तेच धोक्याचं. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच काढावा, असं डॉक्टर सांगतात. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं ठाणं आहे. हंगामात तिथं विरळ हवेच्या आजारावर माहिती देतात. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. दुखणं वाढलं तर खाली उतरायचं, मग रात्र असो की पाऊस. इतका साधा नियम न पाळल्यानं माणसं दगावतात, याचं त्याला फार वाईट वाटतं.

थोरोंग ला ही खिंड 5,416 मीटरवर आहे. तिथं श्वासाला मिळणारा प्राणवायू सुरतेच्या जवळजवळ निम्मा. दिवस चढला की वारा उसळतो, म्हणून पहाटेच्या अंधारात निघतात. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळ 12 तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी या भागात बर्फ ओतलं. किमान 43 माणसं गेली. बंगालच्या उपसागरावरचं पाणी इथवर येऊन माणसं गाडतं. खिंडीत पताका फडफडत असतात. त्यानं तिथं नमस्कार केला, तो त्या माणसांना.

पलीकडचा उतार एका दिवसात सोळाशे मीटरांचा. गुडघे बोलायला लागतात. आणि मग मुक्तिनाथ: 108 धारांचं गार पाणी, शेजारी ज्वालामाईच्या मंदिरात नैसर्गिक वायूवर तेवणारी ज्योत, हिंदू आणि बौद्ध एकाच देवळात.

कागबेनीला काली गंडकी भेटली. पात्र रुंद, पाणी राखाडी, गोटेच गोटे. एका बाजूला अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला 8,167 मीटरचं धवलगिरी, आणि नदी या दोघांच्या मधून आरपार जाते, कारण डोंगर उभे राहण्याआधीपासून ती वाहते आहे. पाट्यांवर शाळिग्राम मांडून बायका बसलेल्या होत्या. त्यानं विकत काही घेतलं नाही. पाण्यात हात घालून एक गोटा उचलला, फटीतली वळणं पाहिली आणि परत ठेवला.

आता जोमसोमहून मुक्तिनाथापर्यंत गाडीरस्ता झाला आहे, मनांगपर्यंतही जीप जाते. परिक्रमा बिघडली, असं अनेक जुने ट्रेकर हळहळून म्हणतात. धूळ उडते हे खरंच. तरी त्याला हा रस्ता हवासा वाटतो. गोडादऱ्यातल्या गल्लीतल्या बायकांना, आयुष्यभर साड्यांना टिकल्या लावून ज्यांच्या कमरा गेल्या त्यांना, खिंड चढणं शक्य नाही. पोखऱ्याहून जीपनं, जोमसोमला एक रात्र थांबून, सावकाश वर गेलं तर मुक्तिनाथ त्यांनाही घडेल. सकाळीच प्रवास उरकायचा. दुपारच्या आत खोऱ्यात वारं सुटतं. आईसाठी त्यानं लोकरीचे मोजे घेतले आहेत, आणि शेजारच्या तिघींनी भिशीचे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे.