बेस, घूं आणि तिसरी पिन

परवा भाच्याचा फोन. "मामा, बेससाठी डीआय बॉक्स कुठला घेऊ?" गंगापूर रोडला एका सोसायटीच्या गणपतीत वाजवणार आहेत म्हणे. मी विचारलं, बेसमध्ये बॅटरी आहे का? नाही. मग अ‍ॅक्टिव्ह घे बाबा. साध्या पिकअपला पुढे साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो, नाहीतर वरचा सूर मरतो आणि नुसतं ढब ढब उरतं. बॅटरीवाल्या बेसला ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह बॉक्सही चालला असता.

पण मला सांगायचं होतं वेगळंच. काही वर्षांपूर्वी पंचवटीत एका मांडवात (मंडळाचं नाव नको!) माझ्या बेसमधून घूंऽऽऽ सुरू झालं. साउंडवाल्या पोराने अँपच्या प्लगची अर्थची पिन काढूनच टाकली. आवाज थांबला, मीही खूश! नुकताच पाऊस पडून गेलेला, हात तारांवर, आणि गायला म्हणून माइकला ओठ लावले... दातांना अजून आठवतंय.

त्या घूंसाठी डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं. ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची शील्ड तोडतं, २३० व्होल्टच्या अर्थिंगला हात लावत नाही. (ते दाबल्यावर काही बॉक्सना मिक्सरचे ४८ व्होल्ट मिळत नाहीत, म्हणून आत बॅटरी हवीच.) आणि केबल लावताना-काढताना चॅनल म्यूट.

भाचा हो हो म्हणाला आणि लगेच, "पण स्वस्तातला कुठला?"

त्या दिवशी टेस्टर घेऊन मीच जाणार आहे. ताई, तू हे वाचत असशील तर... तेव्हा सांगितलं नव्हतं, खरंय.