मुखवट्यामागे कोण आहे, हे सगळ्यांना माहीत होतं

परवा रात्री पोरासोबत यूट्यूबवर जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती बघत बसलो होतो. १९८६ सालची. रिंगणात दोन मुखवटेवाले पैलवान आले. जोडीचं नाव ‘द मशीन्स’. एक सुपर मशीन, दुसरा जायंट मशीन. निवेदक गंभीर आवाजात सांगतोय की हे जपानहून आलेत. यातला जायंट मशीन साधारण सात फुटांचा, हाताचा पंजा सुपाएवढा, आणि बोलायला लागला की आवाज थेट फ्रेंच वळणाचा.

पोरगं म्हणालं, “बाबा, हा तर आंद्रे द जायंट आहे!”

बारा वर्षांच्या पोराला दहा सेकंदांत कळलं. मग तिथल्या हजारो लोकांना कळलं नसेल का? सगळ्यांना माहीत होतं. गंमत तीच आहे, आणि ही पोस्ट त्याच गमतीबद्दल आहे. जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गोष्ट अशी. आंद्रेला त्या वर्षी एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी इंग्लंडला जायचं होतं. पाठीच्या दुखण्यानेही तो बेजार होता. त्याच्या गैरहजेरीला कारण हवं म्हणून कथानक रचलं गेलं: आंद्रे एका कुस्तीला आला नाही, म्हणून त्याला निलंबित केलं. थोड्याच दिवसांत हे ‘जपानी’ मुखवटेवाले उगवले. कल्पनाही उसनी, जपानमध्ये ‘स्ट्राँग मशीन’ नावाचे मुखवटेवाले आधीच होते. सुपर मशीनच्या मुखवट्याआड होता बिल ईडी. नंतर यात ब्लॅकजॅक मलिगन ‘बिग मशीन’ म्हणून आला. पुढे तर कहर झाला. हल्क होगन मुखवटा घालून ‘हल्क मशीन’ झाला, रॉडी पायपर ‘पायपर मशीन’ झाला. लोक हसून लोळत होते आणि टाळ्या वाजवत होते.

या जोडीचा मॅनेजर होता कॅप्टन लू अल्बानो. जाडजूड माणूस, दाढीला आणि गालाला रबरबँड अडकवलेले, अंगात फुलाफुलांचा शर्ट. आधी वर्षानुवर्षं खलनायकांचा मॅनेजर म्हणून शिव्या खाल्लेला. मग सिंडी लॉपरच्या गाण्याच्या व्हिडिओत तिचा बाप झाला आणि हळूहळू लोकांचा लाडका होऊन बसला. तो छातीठोकपणे सांगायचा, हा आंद्रे नव्हेच!

आणि समोर होता बॉबी हीनन. खलनायकांचा मॅनेजर. चमकदार कोट, तोंड फाटकं, प्रेक्षकांचा जाहीर अपमान करणारा. तो घसा फोडून सांगत होता, “अरे, हा आंद्रे आहे! दिसत नाही का तुम्हाला?” अध्यक्षांचं म्हणणं असं की सिद्ध करून दाखवा, मग आंद्रेला कायमचं काढतो. आणि प्रेक्षक? प्रेक्षक हीननची हुर्यो उडवत होते.

म्हणजे बघा, त्या अख्ख्या सभागृहात खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तोच खलनायक होता.

आमच्या घरी ही कुस्ती नव्वदच्या दशकात केबलवरून आली. आमचे चुलते, तात्या, कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. खासबागेच्या तांबड्या मातीत लढलेला माणूस. आम्ही पोरं पत्ते खेळत अंडरटेकरवरून भांडायचो तेव्हा तात्या टीव्हीकडे बघून म्हणायचे, “नुरा हाय रं ही. पण पाठ आपटत्यात ते खरं हाय.”

नुरा कुस्ती. आधीच ठरवून खेळलेली. आपल्याकडे हा शब्द आता आखाड्यापेक्षा राजकारणाच्या बातम्यांतच जास्त वाचायला मिळतो. त्या अमेरिकन धंद्यातही याला आतला शब्द आहे, केफेब. नाटक आहे हे कुणीही कबूल करायचं नाही, रिंगणाबाहेरसुद्धा नाही. १९८९ साली न्यू जर्सीत राज्याच्या क्रीडा नियमांतून आणि करातून सुटायचं होतं, तेव्हा कंपनीनेच सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. प्रेक्षक तुटले का? नाही. त्याच कंपनीच्या प्रमुख राहिलेल्या लिंडा मॅकमहन २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्री झाल्या, आणि ज्यांनी नेमलं ते ट्रम्प २०१३ पासून डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. असो. तो त्यांचा प्रश्न.

मला आठवली ती आमच्या गावची पतसंस्था.

माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक. निवृत्तीचे पैसे आले त्यातले दोन लाख चाळीस हजार त्यांनी गावातल्या पतसंस्थेत ठेवले. बहिणीच्या लग्नासाठी. बँकेपेक्षा व्याज जास्त, आणि चेअरमन म्हणजे लग्नाला-मयताला पहिला हजर असणारा माणूस. वार्षिक सभा म्हणजे गावाचा सणच. मंडप, चहा, बुंदी, आणि जाताना सभासद भेट म्हणून स्टीलचा डबा. सेक्रेटरी विषय वाचणार, पुढच्या रांगेतली पोरं “मंजूर, मंजूर” ओरडणार, अर्ध्या तासात राष्ट्रगीत.

त्या वर्षी मी सुट्टीला घरी होतो, अण्णांसोबत सभेला गेलो. विषय चार चालू असताना एकजण उठला. गावात त्याला सगळे ‘अर्ज्या’ म्हणायचे, कारण तो कुणाच्याही विरोधात अर्ज करायचा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीविरुद्धही त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. त्यात संस्थेच्या निवडणुकीत पडलेला. त्याने हातातला कागद वाचायला सुरुवात केली: अमुक कर्जदार चार लाख, तो चेअरमनच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. तमुक कर्जदार पाच लाख, ती चेअरमनच्या घरी धुणंभांडी करते. “हे कर्ज कुणी उचललंय ते सांगा!”

सगळ्या मंडपाला माहीत होतं कुणी उचललंय. चहाच्या टपरीवर त्याचे विनोद व्हायचे. मुखवट्याआडचा माणूस सात फुटांचा होता, लपणार कसा?

पण मंडप हसला. कुणीतरी ओरडलं, “अर्ज्या, खाली बस, बुंदी गार व्हायली.” मग “मंजूर, मंजूर” सुरू झालं. अण्णांनी हात वर केला. माझं सभासदत्व नव्हतं, माझ्या हाताला किंमत नव्हती. तरी मीही केला. भिंतीचा राग होता ना.

दीड वर्षात संस्था बुडाली. प्रशासक आला, मग अवसायक आला. ठेवी अडकल्या त्या अडकल्याच. बहिणीचं लग्न आईचे दागिने मोडून झालं. अण्णांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, फक्त तो स्टीलचा डबा घरातून कधी दिसेनासा झाला, कळलं नाही. पाठ आपटते ते खरं असतं, म्हणतात तात्या.

मी पुष्कळ दिवस चेअरमनला शिव्या घातल्या. त्या द्यायलाच हव्यात. पण तो मुखवटा एकट्याचा नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो त्याच्या तोंडावर धरून ठेवला होता. आणि का? खरं काय ते कळत नव्हतं म्हणून नाही. सांगणारा माणूस आवडत नव्हता म्हणून. अर्ज्याचा हेतू काही शुद्ध नव्हता, त्याला सूड घ्यायचा होता. पण कागद खरा होता. हेतू त्याचा आणि पैसे आमचे, एवढा साधा हिशोब आम्हाला जमला नाही.

आज बातम्यांखालच्या कमेंटी वाचतो तेव्हा तेच दिसतं. आरोप खरा की खोटा हे कुणी विचारत नाही. “हा कुणाचा माणूस?” एवढंच विचारतात. आपला असेल तर टाळ्या, त्यांचा असेल तर हुर्यो.

त्या कुस्तीचा शेवट सांगायचा राहिला. काही महिन्यांत मुखवटे गायब झाले. आणि २९ मार्च १९८७ ला, रेसलमेनिया ३ मध्ये, मिशिगनच्या सिल्व्हरडोममध्ये आंद्रे होगनविरुद्ध उतरला. कंपनीने प्रेक्षकसंख्या सांगितली ९३,१७३. आंद्रेच्या बाजूला मॅनेजर म्हणून कोण उभा होता? बॉबी हीनन! ज्याला हाकलायचं होतं त्याचाच हा मॅनेजर. मधल्या मुखवट्याचं काय झालं, कुणीही विचारलं नाही. पक्ष बदलल्यावर आपण तरी कुठे विचारतो?

पोराने विचारलं, “बाबा, पण हीनन खरं बोलत होता ना? मग लोक त्याला का ओरडत होते?”

मी त्याला पतसंस्थेची गोष्ट सांगितली. हात वर केल्याचीसुद्धा. ते सांगायला मला वीस वर्षं लागली.

गेल्या रविवारी आमच्या इथल्या सोसायटीची वार्षिक सभा होती. लिफ्ट दुरुस्तीचं बिल जरा जास्तच वाटत होतं. मी उभा राहून कोटेशन्स मागितली. शेजारचे गृहस्थ शर्ट ओढत म्हणाले, “बसा हो, चहा गार होतोय.”

बसलो नाही. आता सोसायटीच्या ग्रुपवर माझं काय नाव पडलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.