बारा पूर्ण

एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नसतं. पाच ते बारा अर्धं, आणि बारा पूर्ण झाली की पूर्ण. मूल नक्की कधी मोठं झालं हे घरात कुणालाच सांगता येत नाही; पण तिकिटाचं मशीन हातात घेतलेला कंडक्टर एकदा मुलाकडे बघतो, एकदा बापाकडे बघतो आणि विचारतो, "वय काय याचं?" तिथे उत्तर द्यावंच लागतं. माझी मुलं वाढल्याची बातमी मला बहुतेक वेळा अशी बाहेरूनच मिळाली. कधी कंडक्टरकडून, कधी चपलांच्या दुकानात, कधी वर्षाने भेटलेल्या आत्याकडून. रोज बघणाऱ्या डोळ्यांना वाढ दिसत नाही. त्यातून बाप सकाळी घाईत बघतो आणि रात्री दमून बघतो.

एसटीत मात्र बघायला वेळ असतो. आम्ही राहतो कऱ्हाडला, माझे आईवडील चिपळूणला. मध्ये कुंभार्ली घाट. दिवाळी, गणपती, मे महिना, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. निमित्त कोणतंही असो, रस्ता तोच. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग घाट उतरून पोफळी, खेर्डी, चिपळूण. ही नावं माझ्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. त्या तीन-साडेतीन तासांत मला कुठे जायचं नसतं आणि मुलांना कुठे पळता येत नाही. घरात कळली नसती इतकी माझी मुलं मला या रस्त्यावर कळली, हे मी मनापासून सांगतो.

लेकीला गाडी लागायची. पाटण मागे पडलं की तिची बडबड थांबायची. मग ओठ पांढरे पडायचे, कपाळावर बारीक घाम यायचा. हिच्या पिशवीत सगळी तयारी असे: अर्धं कापलेलं लिंबू, आलेपाकाच्या वड्या, एक जुना टॉवेल, एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी लेकीला मांडीवर घेऊन तिचं तोंड खिडकीकडे करायचो आणि सांगत राहायचो, "लांब बघ. तो डोंगर बघ. जवळचं काही बघू नको." या सांगण्याला आधार आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक नाजूक भाग असतो. तो मेंदूला कळवतो की आपण हलतोय, वळतोय. त्याच वेळी समोरच्या बाकाच्या पाठीवर खिळलेले डोळे कळवतात की सगळं जागच्या जागी आहे. दोघांच्या सांगण्याचा मेळ बसत नाही, आणि पोट ढवळून निघतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. पुढे तो वाढत जातो आणि बारा वर्षांनंतर बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. पण घाटाच्या पाचव्या वळणावर लेकीचा गार पडलेला हात हातात असताना ही माहिती फार उपयोगी पडत नाही. तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि वळणं मोजायची.

आणि मग एका मे महिन्यात पोफळी आली, घाट संपला, तरी लिंबू पिशवीतच होतं. लेक पलीकडच्या बाकावरच्या एका मुलीशी शाळेच्या गॅदरिंगबद्दल बोलत होती. घाट कधी सुरू झाला आणि कधी संपला याकडे तिचं लक्षच नव्हतं. आमचंही नव्हतं. एरवी दुखणं बरं झालं की आपण देवापुढे नारळ ठेवतो, गोडाचं करतो. हे दुखणं इतकं गुपचूप गेलं की त्याला निरोप द्यायचाही राहिला. ते लिंबू आजीने दुपारी सरबतात पिळलं. त्या दिवसापासून लेक माझ्या मांडीवर बसली नाही. बसण्याचं कारणच उरलं नव्हतं.

धाकट्याला गाडी कधी लागली नाही. त्याला प्रश्न पडत. कोयनानगर आलं की तो खिडकीला नाक लावून बसायचा. तो पहिलीत होता तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि आपल्या कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून तिचं पाणी पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. पण धरणात अडवलेलं पुष्कळसं पाणी माणसांनी डोंगरातून बोगदे खणून उलटं पश्चिमेकडे नेलं. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे, तिथे ते साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली येतं, त्यावर वीज तयार होते आणि मग तेच पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कऱ्हाडला येणारं पाणी कमी झालं ना? कऱ्हाडच्या लोकांना विचारलं होतं?" पाणी कुणाचं आणि ते किती वळवायचं यावर मोठमोठी माणसं लवादापुढे वर्षानुवर्षं भांडली आहेत. पहिलीतलं पोर तिथवर स्वतःच्या बुद्धीने पोचलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो त्याच्या कुठल्याही प्रगतिपुस्तकाने दिला नाही.

नववीत गेल्यावर त्याच रस्त्यावर त्याने मला कोयना समजावून सांगितली. १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशय रिकामा न करता पाण्याखालच्या खडकात स्फोट घडवून चौथ्या टप्प्याच्या बोगद्याचं तोंड कसं उघडलं, आत येणारे दगड झेलायला आधीच खड्डा कसा करून ठेवला होता, असं बरंच काही. तेव्हा मी तरुण होतो, जवळच राहत होतो, वर्तमानपत्रात फोटोही पाहिला होता; पण हे काम कसं झालं ते मला मुलाकडून कळलं. सांगताना त्याचा आवाज मध्येच चिरकत होता. या वयात मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि नवा आवाज बसेपर्यंत जुना अधूनमधून डोकावत राहतो. एकाच वाक्यात मला माझा लहानगाही ऐकू येत होता आणि पुढे होणारा पुरुषही. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. पोफळीपर्यंत त्याला बोलू दिलं.

लेकीचं बारावं वर्ष पूर्ण झालं ते २०१९च्या मे महिन्यात. वाढदिवसानंतर लगेच आम्ही चिपळूणला निघालो होतो. कंडक्टरने आमच्याकडे बघून सवयीने म्हटलं, "दोन फुल, दोन हाफ ना?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "नाही काका, तीन फुल, एक हाफ. मला परवा बारा पूर्ण झाली."

कंडक्टर तिच्याकडे बघून मोकळं हसला. "शाब्बास!" म्हणाला आणि मशीनची बटणं दाबली. तिने माझ्या हातातून तिकीट घेतलं, आपल्या वाट्याचा आकडा शोधून बोटाने मला दाखवला आणि ते वहीत नीट ठेवलं. जास्त पैसे पडल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. मुलांना मोठं व्हायची किती घाई असते! आणि ती घाई चांगली आहे असंच माझं मत आहे. लहानपण हरवलं म्हणून हळहळायचं ते आईबापांनी, मुलांनी नव्हे. त्यांचं लक्ष पुढच्या गावाकडे असतं आणि ते तिकडेच असायला हवं.

तरी तिकिटाने दिलेलं मोठेपण वेगळं आणि खरं मोठेपण वेगळं, हे मला दोन वर्षांनी कळलं. २२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेजवळचं आमचं घर, तळमजला सगळा पाण्यात. आईवडील शेजाऱ्यांच्या माडीवर होते. फोन लागत नव्हते. रस्ता सुरू झाल्याचं कळताच आम्ही चौघं मिळेल त्या गाडीने गेलो. मुलांना नेऊ नये असं मला वाटत होतं. ही म्हणाली, "आजीआजोबांचं घर आहे. येऊ देत."

घरात घोट्याच्या वर गाळ होता. गाळ म्हणजे नुसता चिखल नव्हे; त्यात रॉकेलचा वास होता, कुजलेल्या धान्याचा होता. अकरा वर्षांचा धाकटा घमेलं अर्धं भरून घेई, कारण पूर्ण भरलेलं त्याला उचलत नव्हतं, आणि दिवसभर तेवढ्याच चालीने दारापर्यंत नेऊन ओतत होता. मी फावड्याने गाळ ओढत होतो. माझे वडील खुर्चीवर बसून होते. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेला माणूस. त्यांच्या कपाटातली कागदपत्रं भिजून एकमेकांना चिकटली होती आणि त्यांना हात लावायचं त्यांना धैर्य होत नव्हतं. लेक त्यांच्यासमोर खाली बसली. एकेक कागद कडेने सोडवायची, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ काढायची, आजोबांना वाचून दाखवायची, "हे घरपट्टीचं. हे पेन्शनचं. हा तुमच्या लग्नातला फोटो," आणि दोरीवर चिमट्याने लावायची. फोटोतले चेहरे निम्मे वाहून गेले होते. ती एकदाही "अरेरे" म्हणाली नाही. संध्याकाळपर्यंत दोरी भरली, आणि वडील उठून तिच्या शेजारी चिमटे द्यायला उभे राहिले.

मी फावडं हातात धरून बघत होतो. चौदा वर्षांच्या मुलीने माझ्या वडिलांना खुर्चीतून उठवलं होतं, जे मला दिवसभर जमलं नव्हतं. हे तिला आम्ही शिकवलं नव्हतं. थोडं आजीकडून आलं असेल, थोडं आईकडून, थोडं घाटात पोट ढवळत असताना कुणीतरी पाठीवर फिरवलेल्या हातातून आलं असेल, कोण जाणे. आपण मुलांना जे मुद्दाम देतो त्यापेक्षा नकळत दिलेलं जास्त टिकतं, असा माझा अनुभव आहे.

तिकिटांचा हिशोब त्यानंतर पुष्कळ बदलला. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३पासून सगळ्या महिलांना निम्मं भाडं. पूर्ण तिकिटाचा अभिमान बाळगणारी लेक चार वर्षांच्या आत पुन्हा अर्ध्या तिकिटावर आली. पण या वेळी आईच्या बरोबरीने आली, म्हणून तिची तक्रार नव्हती. मागच्या दिवाळीत आईवडिलांना घेऊन आम्ही सहाजण चिपळूणहून कऱ्हाडला आलो. वडिलांना भाडं नाही. आई, ही आणि लेक, तिघींचं निम्मं. पूर्ण भाडं फक्त दोघांचं: माझं आणि धाकट्याचं. आता फलाटाला गाडी लागली की गर्दीतून आधी तोच शिरतो आणि जागा धरतो. उंचीला तो माझ्या कानाशी आला आहे. आजोबांना चढताना हात तो देतो, मी मागून सामान घेऊन येतो. त्या दिवशी लेक मला म्हणाली, "बाबा, तू खिडकीशी बस. तुला वारा लागेल." मी बसलो. घाट चढताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली. एकाच मुलीने मला आपली जागा द्यावी आणि माझ्याच खांद्यावर झोपावं, एवढं बापाला पुरतं. मुलं मोठी झाली म्हणजे लांब गेली असं जे म्हणतात ते मला आता पटत नाही. मांडीवरून उतरून ती शेजारच्या जागेवर बसली, एवढंच झालं.

आता ती कॉलेजसाठी रत्नागिरीला असते. येते-जाते एकटी. गाडीत बसली की एक निरोप, उतरली की एक. अठरा पूर्ण झाली तेव्हा मतदार नोंदणीचा नमुना क्रमांक सहा तिने माझ्याशेजारी बसून मोबाइलवर भरला. वडिलांचं नाव मला न विचारता लिहिलं, जन्मतारीखही.

ज्यांच्या घरी पाच ते बारामधलं मूल आहे त्यांना एक विनंती आहे. दारात स्वतःची गाडी असली तरी वर्षातून एकदा तरी मुलाला घेऊन एसटीने गावी जा. गाडी चालवणाऱ्या बापाचे डोळे रस्त्यावर असतात आणि मागे बसलेल्या मुलाला त्याची फक्त मान दिसते. बाकावर दोघं शेजारी बसतात, दोघांना एकच खिडकी असते, आणि तीन तास कुणालाच काही काम नसतं. तेवढ्या वेळात मूल पुष्कळ बोलतं. जागा मात्र आधी आरक्षित करून ठेवा. मे महिन्यात कोकणच्या गाड्या लवकर भरतात.