टॉनिकराव, बाटलीत नेमकं काय आहे?

टॉनिकराव,

कृषी केंद्राच्या फळीवर तुम्ही रांगेनं उभे असता. बाटलीवरची पऱ्हाटी बोंडांनी लदलेली. आमच्या यवतमाळकडच्या कोरडवाहू वावरात तशी क्वचितच दिसते.

तुमच्या खानदानात कामाची मंडळी आहेत, हे आधी मान्य करतो. पावसानं उघडीप दिली किंवा झड लागली की पाती-फुलं गळतात. तेव्हा एनएए या संजीवकाची 20 पीपीएम फवारणी ती गळ थोडीफार आवरते. साडेचार टक्क्यांचं औषध असेल तर दहा लिटर पाण्याला जेमतेम साडेचार मिली. झाकणानं अंदाजे ओतलं की पानं वाकडी होतात. मेपिक्वाट क्लोराइड झाडात जिबरेलिन हे वाढीचं संजीवक तयार होऊ देत नाही. पेरं आखूड राहतात. 90 बाय 15 सेंटिमीटरच्या अतिसघन लागवडीत त्याचा खरा उपयोग, नाहीतर वावर कोंदून जातं. उलट जिबरेलिक ॲसिड पेरं लांबवतं. कास्तकार मात्र नकळत दोन्ही एकाच पंपात ओततो, म्हणजे एक बैल गाडीपुढं जुंपायचा अन् दुसरा मागं! दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं: ‘मारून पाहा काका, फुटवे येतात.’

आणि पान लाल पडलं की नत्र-मॅग्नेशियम बघायचं सोडून आम्ही तुमच्याकडेच धावतो. जमिनीत ओल नाही, पालाश नाही, तर बोंड तुम्ही कशानं भरणार?

2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जण गेले. विष कीटकनाशकाचं होतं, तुमचं नव्हे. पण त्या साली कित्येक वावरांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, तुषार थेट तोंडावर येत होते. उंच पऱ्हाटी म्हणजे चांगली पऱ्हाटी, हे आमच्या डोक्यात भरवण्यात तुमच्या जाहिरातींचा काहीच वाटा नाही, असं मला तरी म्हणवत नाही.

2021 साली केंद्रानं ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो ॲसिड वगैरेंना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. बरं झालं. घटक न छापलेल्या बाटलीला मी आता हात लावत नाही.

यंदा चार ओळी तुमच्या फवारणीविना सोडतोय. बाकी मशागत, खत सारखंच. दिवाळीच्या वेचणीला त्यांचा कापूस वेगळा तोलीन, शेजारच्या चार ओळींचा वेगळा. तुमचं बिल फिटलं की नाही, ते काट्यावर बघू.

एक कास्तकार