मजुरी नगावर, उद्दिष्ट भिंतीवर

कंपनीचे उद्दिष्ट कामगारांपर्यंत पोचत नाही, अशी तक्रार व्यवस्थापक करतात आणि उपाय म्हणून प्रशिक्षणवर्ग भरवतात. माझ्या मते दुखणे दुसरीकडे आहे. माणसाला उद्दिष्ट कळलेले असते, पण ते पाळले तर त्याच्या दिवसाच्या कमाईचे काय होते, हेही त्याला कळलेले असते. पेण आणि हमरापूर, जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत हे स्वच्छ दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा या धंद्यापुढे बाहेरून नवे उद्दिष्ट आले: शाडूकडे वळा. कारखान्याची घडी मात्र पीओपीवर बसलेली होती. पीओपी साच्यात काही मिनिटांत घट्ट होते, मूर्ती हलकी निघते, ट्रकमधून लांब गेली तरी सहसा तडकत नाही. शाडू हाताने दाबून भरावा लागतो, मूर्ती वाळायला कित्येक दिवस जातात, पावसाळी हवेत तर जास्तच. तोवर शेडमधली जागा अडते आणि रंगकाम, डोळ्यांची आखणी मागे पडते. जिथे मजुरी नगावर ठरते तिथे शाडू घेणारा कारागीर त्याच कष्टात कमी कमावतो. म्हणून त्याच्या विरोधाला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याने हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. पुढे ९ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावरचे बंधन ठेवले. पण त्या पाच वर्षांत शेडमधला मजुरीचा दर, जागा आणि कामाचे वेळापत्रक बदलण्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याची खंत वाटते.

पेणच्या दक्षिणेला रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे. तिथला माल वेगळा, यंत्रे वेगळी, पण प्रश्न तोच. कुठल्याही रासायनिक कारखान्यात शिफ्टच्या प्रमुखावर दोन आज्ञा असतात: बॅच वेळेत काढ, आणि तापमान चढू लागले तर थांबव. पहिलीचा आकडा रोज वर जातो, दुसरीचा जात नाही. हवे एक आणि बक्षीस दुसऱ्यालाच, हा घोटाळा व्यवस्थापनाचे अभ्यासक स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्येच एका निबंधात मांडला होता. यावर आक्षेप येतो की मग सुरक्षेचाही आकडा ठेवा, प्रश्न मिटला. तसा तो मिटत नाही. टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ माणसे गेली. तिथे सुरक्षेचा आकडा होता; पण तो पडझड, कापणे-भाजणे अशा दुखापतींचा होता, आणि तो कमी म्हणून कारखाना सुरक्षित समजला जात होता. शून्य अपघाताला बक्षीस लावले की अपघात लपवले जातात, हेही खरेच. म्हणून मोजायचे ते केलेले काम: किती वेळा यंत्र वेळीच थांबवले, किती सदोष व्हॉल्व्ह कळवले, त्यातले किती दुरुस्त झाले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. छोट्या मालकाला हे परवडणार कसे? ग्राहक शाडूचे कौतुक करतो आणि भाव पीओपीचा मागतो. हे मान्य करूनच उपाय शोधावा लागेल, आणि तो एकट्या मालकाच्या खिशातून निघणार नाही. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांनी मागणी आणि आगाऊ रक्कम दिवाळीनंतर लगेच दिली, तर शाडूच्या मूर्ती कोरड्या महिन्यांत वाळतील आणि त्या कामाला नगाऐवजी रोजावर मजुरी देता येईल. रासायनिक कारखान्यात तर खर्च याहून कमी आहे: सुरक्षेसाठी थांबवलेली बॅच शिफ्टच्या उद्दिष्टातून वजा करायची, आणि ती थांबली म्हणून कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा एक रुपयाही कापायचा नाही.