शैक्षणिक अर्हता : पदवीधर

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाची माहिती छापलेला एक कागद गेली दोनएक वर्षे माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. अर्जदार कोणत्याही विद्याशाखेचा पदवीधर असावा, या अर्थाच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ ओढलेली आहे. रेघ माझीच. ती ओढली तेव्हा समोर बसलेला तिशी ओलांडलेला माणूस एके काळी माझ्या वर्गात होता. त्याच्याकडे पदवी नव्हती, आणि त्याला काही अंशी मी कारण होते.

हे जरा मागून सांगायला हवे. २००५ साली मी कर्जत परिसरातल्या महाविद्यालयात मराठीची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी चौकजवळ, खालापूर तालुक्याच्या हद्दीत, नितीन चंद्रकांत देसाई यांनी एन. डी. स्टुडिओ उभारला. भाताच्या खाचरांपलीकडे बघता बघता मोगलांचे महाल दिसू लागले. 'जोधा अकबर'चे चित्रीकरण झाले, 'राजा शिवछत्रपती' ही मालिका झाली. माझ्या वर्गातली चार-दोन मुले अधूनमधून मावळा नाही तर मोगल होऊन गर्दीत उभी राहत आणि दुसऱ्या दिवशी कपाळावरच्या गंधाचा रंग नीट न पुसताच तासाला येत. सिनेमा ही मुंबईत घडणारी गोष्ट असते, हा इथल्या मुलांचा समज त्या काळात मोडला. त्याच्या जागी दुसरा एक समज आला. सिनेमा जवळ आहे, म्हणजे तो आपल्याला येईलच. तो समज पक्का करण्यात माझाही हात होता.

२०१३ हे 'राजा हरिश्चंद्र'च्या शताब्दीचे वर्ष. महाविद्यालयात आम्ही एक छोटा कार्यक्रम केला आणि प्रास्ताविक माझ्याकडे आले. उत्साहाच्या भरात मी म्हणून गेले, की दादासाहेब फाळके कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते? टाळ्या पडल्या. मराठीच्या प्राध्यापकांना टाळ्या क्वचितच मिळतात, त्यामुळे ते वाक्य मी पुढेही दोन-तीनदा वापरले असावे.

आठवड्याभरातच तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. मुलगा चांगला होता. कवितेच्या तासाला प्रश्न विचारणारा, परीक्षेत मात्र बेताचा. "मॅडम, मी कॉलेज सोडतोय. सेटचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागतोय. तुम्हीच म्हणालात ना, शिकायला इन्स्टिट्यूट लागत नाही." घरी आई आणि धाकटी बहीण. आई पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुरडू असे काहीबाही घेऊन कर्जत स्टेशनबाहेर बसे. पैशांची गरज खरी होती. मी त्याला अडवले नाही. उलट "जा, डोळे उघडे ठेव" असे काहीतरी वाङ्मयीन थाटाचे बोलले. परीक्षा अवघ्या काही महिन्यांवर होती, एवढे तरी मी त्याला सांगायला हवे होते.

फाळक्यांविषयी मी जे बोलले, ते खोटे नव्हते. १९१३ साली चित्रपट शिकवणारी शाळा जगात नव्हतीच. मॉस्कोची पहिली संस्था १९१९ची. परंतु फाळके जे.जे.मध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रणाचा धंदा केला, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले. त्यांचा स्वतःचा छापखाना सुरुवातीला लोणावळ्याला होता, म्हणजे आमच्या इथून घाट चढला की आलेच. पुढे तीनरंगी छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीला गेले आणि १९१२ साली लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी काम प्रत्यक्ष पाहिले. पंचवीस वर्षांचे हे शिक्षण माझ्या एका टाळीबाज वाक्यात मी गिळून टाकले होते. बाबूराव पेंटर शाळेत फारसे रमले नाहीत, तरी त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हीच दामले, फत्तेलाल, शांताराम यांची शाळा ठरली. पुढे त्यांच्या प्रभातच्या पुण्यातल्या जागेवरच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, हा योगायोग मला बोलका वाटतो. अर्थात त्या संस्थेनेही पुढची कित्येक दशके पदवी दिलीच नाही, दिली ती पदविका. पदवी हवी की नको, हा वाद आपण जिच्या नावाने घालतो, तिला स्वतःला त्या शब्दाची फारशी निकड भासली नव्हती.

अपवादांची नावे घेऊन बोलण्याची आपल्याला सवय आहे. त्यात नागराज मंजुळे यांचे नाव हटकून येते, आणि मराठीच्या वर्गात तर ते फार अभिमानाने येते, कारण ते मराठीचे एम.ए. त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूट पाहिली नाही हे खरेच. परंतु 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी केला तो तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापनाचा अभ्यासक्रम करताना. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या संशोधनातून १९८५च्या 'बाई'पर्यंत पोहोचल्या. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते, परंतु पुढे त्यांच्यासोबत सातत्याने दिग्दर्शन करणारे सुनील सुकथनकर पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधले होते. भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी शेतजमीन विकली. ही गोष्ट आपण धाडसाचे उदाहरण म्हणून सांगतो. विकायला जमीन असावी लागते, हे आपल्या ध्यानात राहत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याकडे जमीन नव्हती.

जमीन असलेल्याचेही एक उदाहरण मला ठाऊक आहे. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी फार्महाऊसवाल्याला तुकडा विकला आणि मुलाला मुंबईतल्या एका खाजगी संस्थेत वर्षभराच्या अभ्यासक्रमाला घातले. चकचकीत प्रमाणपत्र मिळाले. आज तो त्याच फार्महाऊसांच्या हिरवळीवर प्री-वेडिंग शूट करतो. बरे चालले आहे त्याचे, दुःखी वगैरे अजिबात नाही. परंतु त्या वर्षात सिनेमाविषयी काय शिकलास, असे विचारले तेव्हा त्याने दोन कॅमेऱ्यांची मॉडेल सांगितली.

सेटवर गेलेला मुलगा इकडे प्लाय, पीओपी, फायबर यांत वाकबगार होत गेला. नवी भिंत चारशे वर्षांची कशी दिसते, हे त्याने मला एकदा तासभर समजावले होते, आणि त्या तासात तो माझा शिक्षक होता. २०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरणे थांबली, काम गेले; मग ते तुकड्यातुकड्यांनी परत आले. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई गेले, त्यांच्या स्टुडिओतच. तेही जे.जे.मध्ये शिकलेले आणि १९८७च्या 'तमस'च्या वेळी उमेदवारी केलेले. सेटची कामे करणारी आमच्या भागातली कित्येक माणसे त्या दिवशी सुन्न होती.

त्यानंतर महिन्याभराने तो माझ्याकडे आला. मोबाइलवर त्याने अकरा मिनिटांची एक फिल्म केली होती. आई पहाटे रानात जाते, शेवळं काढते, गाडीने स्टेशनला येते, विकते, परतते. मी ती दोनदा पाहिली. तीत दोन-तीन जागा अशा होत्या, की मी हातातला चहा विसरले. एका ठिकाणी आई शेवळांच्या जुड्या बांधताना गवताचा एक दोर दातात धरते आणि तशीच कोणाशी तरी बोलते. परंतु ते क्षण जसे आले तसे निघून गेले; त्यांच्या आधी काय हवे, नंतर काय नको, कुठे थांबायचे, हे कोणी ठरवलेले नव्हते. कविता असती तर मी त्याला सांगू शकले असते, की ही ओळ काढ, हा शब्द वर ने. इथे मला काहीतरी चुकते आहे एवढेच कळत होते. "छान आहे" म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, छान नाहीये. कुठं कापायचं ते कळत नाहीये. आणि विचारू कोणाला? सेटवर सगळे भिंतीबद्दल बोलतात."

हे विचारायला माणूस मिळावा, यासाठी शाळा असते असे मला त्या दिवशी वाटले. २००९च्या उन्हाळ्यात मी पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट मिळून घेतात त्या रसास्वादाच्या वर्गाला गेले होते. तिथल्या आंब्याखाली रात्री उशिरापर्यंत मुले एका दृश्यावरून भांडत बसत. दृश्य तीन सेकंद आधी तोडायला हवे होते की नाही, एवढाच वाद. मला तेव्हा ती चैन वाटली होती. तीन वर्षे घरच्या तेलामिठाची काळजी बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या खर्चाने चुका करायच्या आणि त्या चुका पाहणारी दहा-बारा माणसे रोज समोर असायची, ही चैन आहेच. मुंबईत वाढलेल्या, महोत्सव आणि फिल्म सोसायट्या हाताशी असलेल्या मुलाला ती थोडीफार अन्यत्र मिळते. कर्जतच्या स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलाला ती मिळण्याची सरकारी दारे मोजकीच आहेत, आणि त्या दारावर पाटी आहे : पदवीधर.

तीवर रेघ ओढून मी त्याची क्षमा मागितली. तो हसला, म्हणाला, पैशांसाठी सोडलं असतंच मॅडम, तुमचं वाक्य नुसतं सोयीचं पडलं. हे माझ्या समाधानासाठी बोलला की खरे होते, मी अजून ठरवू शकलेले नाही.

मुक्त विद्यापीठात त्याने पहिल्यापासून नाव घातले. सध्या तिसरे वर्ष सुरू आहे. दिवसा सेट, रात्री पुस्तके. प्रवेश परीक्षेचा निकाल काय लागेल हे सांगता येत नाही. दिग्दर्शनाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि वयाने तो बहुतेकांहून मोठा असेल. गेल्या रविवारी स्वाध्याय घेऊन आला. प्रश्न कथेतल्या निवेदकाविषयी होता. उत्तर लिहिता लिहिता त्याने विचारले, आईच्या फिल्ममध्ये निवेदक कोण, मी की कॅमेरा? मी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मग आम्ही स्वाध्याय बाजूला ठेवून पुन्हा ती अकरा मिनिटे लावली. आता ती नऊ झाली आहेत. दातात दोर धरलेला तो क्षण त्याने सुरुवातीला आणला आहे, आणि मला वाटते तो तिथे नको.