प्लॉट, मिस्त्री आणि प्रन्यास

विसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरच्या पश्चिमेस धरमपेठेच्या पुढे शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर, अभ्यंकरनगर अशा ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांतील घरे कोणी बांधली या प्रश्नाला एका नावाने उत्तर देता येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट या एकाच कंपनीने १९४७ ते १९५१ या अवघ्या चार वर्षांत एकाच साच्यातील १७ हजारांहून अधिक घरे उभारली आणि त्या उपनगराला स्वतःचे नावही दिले. नागपुरात मात्र त्याच सुमारास घर बांधण्याचे काम सुधार प्रन्यास, घरमालक आणि मिस्त्री या तिघांत वाटले गेले होते, आणि या तिघांपैकी कोणालाही आपण एखादे उपनगर घडवीत आहोत असे वाटत असेल, याचा संभव थोडा.

नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या १९३६ च्या कायद्याने निर्माण झाली. लोकांच्या तोंडी ती ‘एनआयटी’ म्हणूनच राहिली. शेतजमीन संपादित करणे, तीत रस्ते व नाल्या आखणे आणि उरलेल्या जागेचे भूखंड, म्हणजेच प्लॉट, पाडून ते भाडेपट्ट्याने देणे असे तिच्या कामाचे सर्वसाधारण स्वरूप होते. हा पट्टा बहुधा तीस वर्षांचा व नूतनीकरणास पात्र असे. घेणाऱ्याने आरंभी एकरकमी अधिमूल्य आणि पुढे दरवर्षी भूभाडे भरायचे. त्यामुळे घर मालकाचे असले तरी त्याखालची जमीन कागदोपत्री प्रन्यासाचीच राही. प्लॉटच्या चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडायची, जोते रस्त्यापेक्षा किती उंच घ्यायचे, हेही नियमाने ठरलेले असल्यामुळे घराचा नकाशा कागदावर येण्यापूर्वीच त्याचा अर्धा आकार निश्चित झालेला असे. या वस्त्यांच्या शांत, विरळ रूपाचे श्रेय रहिवाशांच्या अभिरुचीला देण्याची प्रथा आहे, पण त्यातला मोठा वाटा या मोकळ्या जागांच्या नियमाचा आहे.

उरलेला अर्धा आकार पैशाने आणि मातीने ठरविला. प्लॉट घेणारा बहुधा सरकारी कारकून, शिक्षक, प्राध्यापक किंवा वकील असे. घरबांधणी अग्रिम, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि घरातले सोने यांवर काम सुरू होई. सामान मालकाने आणायचे आणि मिस्त्रीने केवळ मजुरीचा ठेका घ्यायचा, ही पद्धत रूढ होती. कन्हान नदीची रेती, विटा, गिट्टी आणि मुरूम यांच्या खेपा मालक स्वतः मोजून घेई, तर सिमेंट नियंत्रित असल्यामुळे त्याच्या परवान्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत. मिस्त्रीच्या हाताखाली छत्तीसगढकडील मजूर आणि रेजा, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया, काम करीत. १९५६ पर्यंत छत्तीसगढ आणि नागपूर एकाच प्रांतात असल्याने ही ये-जा जुनीच होती. या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून पाया खालचा मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. ज्याने या खोदाईत काटकसर केली, त्याच्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघे; ती मे महिन्यात बोट जाईल इतकी रुंदावे आणि श्रावणात जवळजवळ मिटे, इतकी की तिच्यावरून ऋतू ओळखावा.

असे घर एका दमात पुरे होत नसे. आधी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जाळी लावलेला व्हरांडा, मग मुलाच्या नोकरीनंतर मागची खोली, आणि स्लॅब पडला की वरच्या मजल्याच्या आशेने कोपऱ्यांत उभ्या सोडलेल्या सळया, ज्यांचा कित्येकदा वीस वर्षे कपड्यांची दोरी बांधण्यापलीकडे उपयोग झाला नाही. पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या शहरात गच्ची ही चैन नव्हती. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर सायंकाळी बादल्यांनी पाणी मारून, त्याची वाफ निघून गेल्यावर तेथे सारे घर झोपत असे. खिडकीतील वाळ्याच्या पडद्यांची जागा कूलरने घेतल्यानंतर ही रीत हळूहळू मागे पडली.

या आखणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाण्याच्या शौचालयांपूर्वीच्या काळात शहरांतील आखीव वस्त्यांत घरांच्या पाठीला पाठ लावून एक अरुंद गल्ली ठेवण्याची प्रथा होती. मैला उचलणाऱ्याने तिकडूनच यावे आणि तिकडूनच जावे, घराच्या दर्शनी भागात त्याचा पाय पडू नये, ही सोय तीत होती. लेव्हिटच्या करारात घर गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना वापरू देऊ नये असे कलमच लिहिलेले होते. येथे तसे कलम लिहिण्याची गरज भासली नाही, कारण मागच्या गल्लीची रेघच ते काम करीत होती. याच पट्ट्यात, लक्ष्मीनगरापासून फार दूर नसलेल्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूरच्या गृहरचनेचा इतिहास दीक्षाभूमीला वळसा घालून लिहिला गेला, तर तो केवळ विटा-चुन्याचा हिशेब होईल.

त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेमुळे नागपूरचे राजधानीपण गेले. सचिवालयासोबत अनेक कुटुंबे भोपाळला गेली, तरी प्लॉटांची मागणी आटली नाही.

पुढचा बदल संथपणे आला. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने एका भूखंडावरील सदनिका स्वतंत्रपणे विकणे सुकर झाले आणि भावंडांच्या वाटणीत अडकलेले घर विकासकाच्या हाती देऊन त्या बदल्यात सदनिका घेण्याचा व्यवहार धरमपेठ, रामदासपेठ भागांत रुळला. दुसरीकडे प्रन्यासाची आखणी वाढत्या शहराला पुरी पडेना, तेव्हा शेतमालकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी परवानगीविनाच प्लॉट पाडले. नंतर नियमित करण्यासाठी घेतलेल्या अशा वस्त्या आजही कचेरीच्या भाषेत ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखल्या जातात, आणि तेथील मालकाच्या कागदपत्रांत ‘आरएल’ला, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्राला, सातबाऱ्याइतकेच मोल असते.

जुन्या प्लॉटांवरची मोकळी जागा दरम्यान फरशी आणि मोटारींखाली गेली, आणि रस्ते सिमेंटचे होताना थरावर थर चढून अनेक ठिकाणी फाटकापेक्षा उंच झाले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत शिरले, तेव्हा नियमाप्रमाणे राखलेले पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे जोते कित्येक घरांना पुरले नाही. तेव्हापासून या जुन्या घरांत फाटकाशी सिमेंटचा आडवा कट्टा घालून घेण्याचे काम निघते. तो किती उंच असावा हे ठरविणारा नियम नाही, त्यामुळे गेल्या पुराची भिंतीवरची खूण पाहून मिस्त्रीच तो अंदाजाने ठरवितो.